पाठीकडून वाचायचं यंत्र

तहसीलच्या आवारातलं सेतू केंद्र, जिल्हा परिषद शाळेतली कुलूपबंद संगणक खोली, बसस्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान, अडतीवरचं हिशेबाचं टेबल. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत डेस्कटॉप कॉम्प्युटर आपल्याला अशा जागी भेटतो. त्याच्यातून आपण सातबारा काढतो, उत्पन्नाचा दाखला घेतो, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरतो. पण इतक्या वर्षांत त्या यंत्राकडे नीट पाहिलंय फार थोड्यांनी. नजर थेट पडद्यावर जाते आणि काम झालं की माघारी फिरते. या यंत्राचं बाहेरचं अंग सावकाश वाचण्याजोगं आहे, त्यातल्या काही जागांना मनापासून दाद द्यावी आणि काही जागी बोट ठेवावं असं आहे, हे मला इथे सांगायचं आहे.

आपल्याकडे हे यंत्र आधी मोठ्या संस्थांमध्ये आलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 मध्ये सुरू झालं. 17 सप्टेंबर 1994 रोजी त्याच विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि नांदेड, लातूर, परभणीकडची महाविद्यालयं त्याला जोडली गेली. बारावीला बायफोकलमध्ये 200 गुणांचा कॉम्प्युटर सायन्स घेणारी मुलंही यंत्राला हात लावू लागली. पण गल्लीबोळापर्यंत त्याला पोचवलं ते एमएस-सीआयटीनं. एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, 2001 मध्ये स्थापन झालं. त्यांचा हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी लागू लागला आणि तालुक्या-तालुक्याला वर्ग निघाले. चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कारकून आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढे बसले. हात लावला तर बिघडेल, ही त्यांची पहिली भीती. त्या भीतीवर खरा उतारा यंत्राच्याच अंगावर होता, पण तो मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून.

सगळे जिला सीपीयू म्हणतात ती पेटी फिरवून पाहा. पाठीवर वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, आणि एक आयताकृती चौकट दिसेल. सुमारे 15.9 सेंटिमीटर बाय 4.4 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहूनही कमी लांबीची. इंटेलनं 1995 मध्ये एटीएक्स नावाचा आराखडा ठरवला, त्यात या चौकटीचं माप नक्की झालं. मदरबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, बाहेरच्या जगाशी त्याचं जे काही देणंघेणं असेल ते या एवढ्याशा खिडकीतून व्हायचं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याचांदीची पेठ, चपलांची, मिरची-गुळाची अशा वेगवेगळ्या पेठा त्या रस्त्यांवर आहेत आणि सगळ्यांचं तोंड गोलाईकडे. या चौकटीची मांडणी तशीच आहे: प्रत्येक मालाला आपली वाट, आणि सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येणाऱ्या.

त्या चौकटीवर अक्षरं जवळजवळ नाहीत. पडद्यावर इंग्रजीचं राज्य असतं, मेनू इंग्रजी, सूचना इंग्रजी. इथे आकार, रंग आणि चार-दोन खुणा आहेत. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला या बाजूनं अडवलेलं नाही. मराठवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांसाठी ही केवढी सोय होती!

यातली मला सर्वांत आवडती जागा व्हीजीएचं निळं पोर्ट. मॉनिटरची केबल इथे लागते. पंधरा बारीक भोकं, पाच-पाचच्या तीन ओळी, भोवती धातूची कड. ही कड चौकोनी नाही. एक बाजू लांब, दुसरी आखूड, इंग्रजी डी अक्षराच्या वळणाची. त्यामुळे केबल एकाच बाजूनं बसते. टेबल भिंतीला चिकटलेलं असतं, मागे उजेड नसतो, माणूस गुडघ्यावर बसून आंधळेपणानं हात घालतो. अशा वेळी रंग दिसत नाही, पण बोटाला लांब कड आणि आखूड कड लगेच कळते. वर्गात हा संवाद हमखास ऐकू येतो: "सर, पिन बसंना की." "मावशी, जोर नका लावू. कड चाचपा, रुंद बाजू कुठं आहे बघा." दुसऱ्या क्षणाला पिन बसलेली असते. दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एकच आधी पूर्ण आवळला तर केबल तिरपी बसते आणि पडदा पिवळा नाहीतर गुलाबी दिसू लागतो. व्हीजीए आयबीएमनं 1987 मध्ये आणलं. त्यानंतर एचडीएमआय आलं, डिस्प्लेपोर्ट आलं, तरी आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत आजही तीच निळी पिन आहे. चांगल्या रचनेला असं दीर्घायुष्य मिळतं याचा मला आनंद वाटतो.

त्याच 1987 साली त्याच आयबीएमच्या पीएस/टू यंत्रांबरोबर कीबोर्ड आणि माउसची गोल पोर्टंही आली, आणि ती मात्र फसली असं मी म्हणेन. दोन गोल भोकं शेजारी शेजारी, माप तंतोतंत एक, आत सहा बारीक भोकं. एक कीबोर्डचं, एक माउसचं. अदलाबदल केली तर दोन्ही गप्प. गोल वस्तूला वर-खाली कळत नाही, त्यामुळे माणूस पिन फिरवत राहतो, दाबत राहतो आणि एखादी नाजूक पिन वाकते. शिवाय यंत्र चालू असताना ही पिन काढायची-घालायची नाही, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी पीसी 99 या नियमावलीत रंग ठरवून दिले: कीबोर्ड जांभळा, माउस हिरवा, मॉनिटर निळा, मायक्रोफोन गुलाबी, स्पीकर पोपटी, बाहेरून आवाज आत घ्यायचं भोक फिकट निळं. हे रंग आजही बहुतेक यंत्रांवर दिसतात. शिकवणाऱ्यांचं काम त्यामुळे फार हलकं झालं, "जांभळ्यात जांभळं, हिरव्यात हिरवं" एवढं एक वाक्य पुरायला लागलं. तरी रंगाचा भरवसा आकाराइतका नाही. धुळीनं तो झाकतो, उन्हानं विटतो, आणि काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक दिसतच नाही. आवाजाच्या तीन भोकांचंही तेच. तिन्ही एकाच मापाची, म्हणून स्पीकरची पिन गुलाबीत जाते आणि दुकानदार तासभर स्पीकर खराब आहे असं समजून बसतो.

यूएसबीचं मूल्यमापन अवघड आहे. अजय भट्ट या मूळ भारतीय अभियंत्याचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले भट्ट इंटेलमध्ये यूएसबी घडवणाऱ्या गटाचे प्रमुख होते. 1996 मध्ये पहिली नियमावली आली आणि प्रिंटर, माउस, स्कॅनर, कॅमेरा या सगळ्यांच्या वेगवेगळ्या पिना हळूहळू मोडीत निघाल्या. दोष सगळ्यांना ठाऊक आहे: चपटी पिन बाहेरून दोन्हीकडून सारखी दिसते आणि बसते एकाच बाजूनं. पण साध्या पेन ड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील, त्यातल्या कडेच्या दोन पुढपर्यंत आलेल्या आणि मधल्या दोन थोड्या मागे. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. पिन आत जाताना आधी वीज जोडली जाते आणि मग माहितीची वाट उघडते. काढताना माहिती आधी तुटते. म्हणून यंत्र चालू असताना पेन ड्राइव्ह लावता येतो, जे गोल पिनेला जमत नव्हतं. एक-दोन मिलिमीटरच्या फरकात एवढा विचार साठवलेला आहे. आतला प्लॅस्टिकचा तुकडा निळा असेल तर ते पोर्ट बहुधा यूएसबी 3.0 चं, जास्त वेगाचं. मोठी फाइल उतरवायची असेल तर काळं सोडून निळं निवडावं.

लॅनच्या पोर्टावर फार थांबायला नको. आठ तारा, एक खिट्टी, बसताना टक् असा आवाज, आणि दोन बारके दिवे. इंटरनेट बंद पडलं की कंपनीला फोन लावण्याआधी हे दिवे पाहावेत. दोन्ही विझलेले असतील तर दोष बहुतेकदा केबलचा किंवा पलीकडच्या राउटरचा असतो.

आता एसएमपीएसकडे येऊ, कारण मराठवाड्यातल्या वाचकानं सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्यायला हवं. तीन पिनांची काळी वायर जिथे लागते तिथे शेजारी एक खटका असतो, एका टोकाला उभी रेघ आणि दुसऱ्या टोकाला शून्य. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. पुढच्या पॉवर बटणावर हीच दोन चिन्हं एकत्र येतात: तुटका गोल आणि त्यात उतरलेली रेघ. एकत्र का, तर पुढचं बटण यंत्राला पूर्ण बंद करतच नाही. ते आतल्या मंडळाला फक्त इशारा देतं. कॉम्प्युटर शटडाउन केल्यावरही कित्येक ठिकाणी माउसच्या पोटातला लाल दिवा जळत राहतो तो यामुळेच. आत थोडी वीज जागी असते. एटीएक्सआधीच्या जुन्या एटी यंत्रांत पुढचा खटका थेट मुख्य वीज तोडायचा, म्हणून विंडोज 95 पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचं की आता बंद केलं तरी चालेल, आणि मग माणसानं हातानं खटका दाबायचा. एटीएक्स आल्यावर ते गेलं. यंत्र अडकून बसलं तर हेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, हे मात्र लिहिलेलं कुठेच नाही.

काही एसएमपीएसवर एक छोटा लाल सरकता खटका दिसतो, त्यावर 115 आणि 230 असे आकडे. आपल्या विजेसाठी तो 230 वरच हवा. एखाद्या हौशी पोरानं तो 115 कडे सरकवला आणि वीज चालू केली तर आतून मोठा आवाज येतो, जळका वास सुटतो आणि डबा निकामी होतो. एवढा धोक्याचा खटका इतक्या सहज सरकेल असा, तोही बोट जाईल अशा जागी ठेवणं ही मला या रचनेतली सर्वांत मोठी चूक वाटते. नव्या डब्यांतून तो आता जवळजवळ गेलाय, हे बरं झालं.

तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे प्लग आत जाताना सगळ्यांआधी तिचा संबंध जुळतो आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि दुकानांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते. काही जण तर दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून ही पिन मोडून टाकतात. मग पेटीला अनवाणी पायानं हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर दिवा लागतो. लोक म्हणतात, "पेटीत करंट उतरलाय." कारण साधं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात आणि ते पेटीच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो थेंबभर प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पेटीच्या अंगावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्यानं सहसा झिणझिण्यांवर निभावतं. पण आत खरंच एखादी तार सुटून पेटीला टेकली, तर वाचवणारी वाट अर्थिंगचीच असते.

आणि अर्थिंग केलं म्हणजे काम संपलं असंही नाही. खड्डा खणून त्यात पट्टी किंवा पाइप, भोवती मीठ-कोळसा, वरून पाणी ओतायला नळी, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. लातूर-नांदेडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खोलवर सुकते, आणि सुकलेली माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून मार्च-एप्रिलपासून त्या नळीत अधूनमधून पाणी घालावं लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत खड्ड्यात बादली ओतायला कुणाचा हात धजावणार? पेटीमागच्या एका लांब पिनेचा असा आपल्या पाऊसपाण्याशी संबंध आहे.

पेटीच्या पुढच्या बाजूला वाचण्यासारखं कमी आहे. एक हिरवा किंवा निळा दिवा स्थिर जळतो, दुसरा लाल-नारिंगी लुकलुकतो. दुसरा हार्ड डिस्कचा. पडदा गोठल्यासारखा वाटला आणि हा दिवा लुकलुकत असेल तर यंत्र काम करतंय, थोडं थांबावं. बटण दाबून ठेवू नये. डीव्हीडीच्या कप्प्याखाली टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. वीज गेली आणि सीडी आत अडकली तर सरळ केलेली पेपरपिन त्यात हळूच खुपसायची, कप्पा बाहेर येतो. भारनियमनाच्या वर्षांत, दिवसाचे कित्येक तास वीज नसायची तेव्हा, या भोकाचा उपयोग वर्गचालकांना चांगलाच ठाऊक झाला. सोयाबीन-तुरीच्या राशींचे दिवस आले की पेटीच्या हवेच्या जाळ्यांवर धुळीचा थर बसतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तोच थर यंत्राला गुदमरवतो. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून पेटी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा सोडायलाच हवी.

कीबोर्ड हा या सगळ्यात अपवाद. इथे अक्षरंच अक्षरं आहेत आणि ती इंग्रजी आहेत. पण डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवा. मधल्या ओळीत एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे लागतील. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवल्या की बाकीची बोटं आपोआप जागेवर येतात. इन्स्क्रिप्टनं टाइप करणाऱ्या मराठी माणसासाठी त्या उंचवट्यांखाली ऱ्हस्व वेलांटी आणि र आहेत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 1986 मध्ये प्रमाण ठरवलेली आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं स्वीकारलेली ही मांडणी फार सुंदर आहे. डाव्या हाताकडे काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. क जिथे, शिफ्ट दाबून ख तिथेच. ग जिथे, घ तिथेच. वर्णमाला ज्याला येते त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येतो.

लातूर टाइप करून पाहा. ल उजव्या हातानं, काना डाव्यानं, त उजव्यानं, दीर्घ उकार डाव्यानं, र उजव्यानं. पाच बटणं, आणि हात एकदाही न चुकता आलटून पालटून चालतात. नांदेड तसं नाही. तिथे न, काना आणि अनुस्वार हे तिन्ही डाव्या हाताकडे येतात, कारण म, न, व ही तीन व्यंजनं खालच्या ओळीत डावीकडे बसवली आहेत. मग द उजव्यानं, मात्रा डाव्यानं, ड उजव्या करंगळीनं. जुन्या टाइपरायटरवर घडलेल्या हातांना एक गोष्ट जड गेली. तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. इथे आपण बोलतो त्या क्रमानं, आधी व्यंजन आणि मग वेलांटी. शासकीय टंकलेखनाच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या कित्येक कारकुनांनी ही उलटापालट पन्नाशीत आत्मसात केली. त्यांचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

माउसबद्दल एवढंच, की पोटात रबरी चेंडू असायचा त्या काळात तो काढून आतल्या दांड्यांवरची मळाची कडी नखानं खरवडणं हा प्रत्येक वर्गाचा आठवड्याचा उद्योग होता. चेंडू गेला, लाल दिवा आला, उद्योग संपला. जुन्या खोक्याएवढ्या मॉनिटरच्या माथ्यावरच्या फटी उष्णता बाहेर सोडण्यासाठी होत्या आणि आपण त्यांवर हौसेनं भरतकामाचे रुमाल टाकले. सपाट पडदे आले आणि रुमाल ठेवायला जागाच उरली नाही.

आता पेटीचं युग मावळतंय. सगळं काही पडद्यातच बसवलेली यंत्रं, लॅपटॉप आणि मोबाइल यांची अंगं गुळगुळीत आहेत, एखाद-दुसरं भोक सोडलं तर बाहेरून काही कळत नाही. ती देखणी आहेत. पण शिकणाऱ्याला बोटानं वाचता येईल असं त्यांवर फारसं काही नाही. डेस्कटॉपची पाठ मात्र आपलं सगळं काम उघड मांडते: वीज इथून येते, चित्र इथून जातं, आवाज इथून. माझ्या दृष्टीनं यंत्राची पहिली ओळख करून घ्यायला आजही याहून चांगली वस्तू नाही.

म्हणून शाळांना आणि संगणक वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. बंद पडलेली एखादी पेटी भंगारात घालण्याआधी तिची वायर कायमची काढून टाका आणि ती वर्गात मोकळ्या टेबलावर, पाठ मुलांकडे करून ठेवा. सोबत जुन्या केबलींचं एक गाठोडं ठेवा. मुलांना डोळे मिटून पिना लावू द्या, काढू द्या, चुकू द्या. पेटीचं झाकण उघडलं तरी हरकत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कुणाला उघडू देऊ नका. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक असते.